पारोळा रस्त्यावरचं भरीत आणि आप्पांच्या तीन वाट्या

अमळनेरहून पारोळ्याकडे निघालं की गाव सुटल्यावर उजव्या हाताला एक जुनं निंबाचं झाड लागतं. त्याच्या मागे पत्र्याचं छप्पर, पुढे चार लाकडी बाकं. पाटीवर हॉटेलचं नाव नाही. 'भरीत, कळण्याची भाकर, शेवभाजी' एवढंच लिहिलेलं. लोक 'आप्पांकडे' म्हणतात, मीही तेच म्हणतो. तीन वर्षांपासून मी जवळपास प्रत्येक रविवारी तिथे जेवतो. आजवर त्याबद्दल काही लिहावं असं वाटलं नव्हतं, कारण चांगल्या भरिताची बातमी खान्देशात आपोआप पोचते. पण गेल्या काही महिन्यांत 'आप्पा वाट्यांच्या खेळात लोकांना फसवतात' हे बाजारात चार जणांच्या तोंडून ऐकलं. ते खोटं आहे. का खोटं आहे ते मला समजलंय, त्याला वेळ लागला, म्हणून जेवणाबरोबर तेही सविस्तर लिहितो.

आधी जेवण. वांगी फिकट हिरवी, मोठी, कमी बियांची, आपल्या जळगाव भागातली खास भरिताची. बामणोदकडून येतात. गॅसवर भाजत नाहीत. मागच्या अंगणात तुराट्यांचा जाळ करून त्यात भाजतात आणि साल काढून लाकडी बडगीत ठेचतात. हिरवी मिरची आणि लसूण त्याच बडगीत. वरून तेलात परतलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. पहिला घास घेतला की धुराचा वास आधी नाकात जातो आणि मग तिखट लागतं. माझ्या आईच्या हातच्या भरितानंतर मला आवडलेलं हे दुसरं. पुऱ्यांबरोबर देतात, पण तुम्ही कळण्याची भाकर मागा. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली, जाडसर, तव्यावरून थेट ताटात. भरीत-पुरीचं ताट १२० रुपये, भाकर घेतली तर १३०. भरीत दुसऱ्यांदा वाढतात, त्याचे पैसे लावत नाहीत.

शेवभाजीबद्दल मात्र तक्रार आहे. एरवी ती फर्मास असते, काळ्या मसाल्याची, तर्री वेगळी. पण रविवारी गर्दी वाढली की शेव आधीच रश्श्यात टाकून ठेवतात आणि ताटात येईपर्यंत तिचा लगदा होतो. शेव वेगळी मागितली तर देतात, पण मागावी लागते. बायकांना हात धुवायला आडोसा नाही, हेही आप्पांना मी दोनदा सांगितलंय. साडेबारानंतर गेलात तर बाक मिळायला अर्धा तास धरा. वांग्याचा खरा हंगाम थंडीचा. उन्हाळ्यात भरीत मिळतं, पण ती चव नाही.

आता वाट्या.

रविवारी आप्पांच्या घरच्या, ज्यांना सगळे माई म्हणतात, खापरावर मांडे टाकतात. पातळ, रुमालाएवढा, आत पुरण. पुरा मांडा ८० रुपयांना. पण जेवण झाल्यावर गल्ल्याशी गेलात की आप्पा एक ताट पुढे करतात. ताटात तीन स्टीलच्या वाट्या पालथ्या. एकीखाली सुपारी. सुपारी सापडली तर अर्धा मांडा तुपासकट फुकट. तुम्ही एका वाटीवर बोट ठेवायचं. मग आप्पा उरलेल्या दोनांतली एक वाटी उचलतात, तिच्याखाली काही नसतं, आणि विचारतात, "बदलतस का भाऊ?" म्हणजे बोट ठेवलेली वाटी कायम ठेवायची, की दुसऱ्या बंद वाटीवर जायचं. एका बिलाला एकच डाव.

भिंतीवर खडूने नियम लिहिलेला आहे: 'मी रिकामीच वाटी उघडतो. बदलायचं का हे प्रत्येकाला विचारतो.' या दोन वाक्यांवर सगळं अवलंबून आहे. पण भुकेल्या माणसाचं लक्ष भिंतीकडे नसतं आणि जेवलेल्या माणसाचं मांड्याकडे असतं.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी माझे साडूभाऊ धुळ्याहून आले होते. पतपेढीत मॅनेजर आहेत, व्याजाचे आकडे तोंडपाठ. त्यांनी मधल्या वाटीवर बोट ठेवलं. आप्पांनी डावीकडची उचलली, रिकामी. विचारलं, बदलतस का? साडूभाऊ म्हणाले, "दोन उरल्या. आता अर्धं-अर्धं. मग आपली कशाला सोडायची?" नाही बदलली. सुपारी दुसऱ्या वाटीखाली होती. माझी मुलगी जळगावला संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते, ती शेजारी उभी होती. ती म्हणाली, "काका, अर्धं-अर्धं नाही. बदलली असती तर तीनांत दोन संधी होती."

तिथून जे सुरू झालं ते पाऊण तास चाललं. साडूभाऊ म्हणाले, वाट्या दोन, सुपारी एक, यात तीन आले कुठून? शेजारच्या बाकावर एक निवृत्त प्राध्यापक जेवत होते, तेही हात न धुता उठून आले आणि म्हणाले, "बेटा, उघडलेली वाटी गेली. ती हिशोबातून बाद. उरलेल्या दोघींवर समान वाटणी." मुलगी मोठ्यांसमोर आवाज चढवत नाही, पण मागेही हटत नाही. मी खरं सांगतो, त्या दिवशी मी मनातून साडूभाऊंच्या बाजूचा होतो. दोन बंद वाट्या समोर दिसत असताना त्यातली एक दुसरीपेक्षा दुप्पट जड कशी?

घरी येताना गाडीवर तिने मला या कोड्याची गोष्ट सांगितली. अमेरिकेत १९६३ साली 'लेट्स मेक अ डील' नावाचा टीव्हीवरचा खेळ सुरू झाला, त्याचा सूत्रधार मॉन्टी हॉल. त्या खेळावर बेतून स्टीव्ह सेल्विन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७५ साली एका शास्त्रीय नियतकालिकात पत्र लिहून हे कोडं मांडलं. पुढे ते तीन दारांच्या रूपात गाजलं: एका दारामागे मोटार, दोघांमागे बकऱ्या. सप्टेंबर १९९० मध्ये मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट या लेखिकेने 'परेड' साप्ताहिकातल्या आपल्या सदरात उत्तर दिलं की दार बदलावं. त्यावर तिला सुमारे दहा हजार पत्रं आली, बहुतेकांनी तिला चूक ठरवलं, आणि पत्र लिहिणाऱ्यांत जवळजवळ हजार जण पीएच.डी. झालेले होते. बरोबर ती होती. पॉल एर्डिश हा विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या गणितज्ञांपैकी एक, त्यालाही पटेना. मित्राने संगणकावर तोच डाव पुन्हा पुन्हा खेळून आकडे दाखवले तेव्हा कुठे त्याने मानलं.

हे ऐकून मला धीर आला. आपल्याला कळत नाही म्हणजे आपण अडाणी आहोत असं नाही; हे कोडं शिकलेल्यालाही तितकंच अडवतं. पुढच्या रविवारी त्या प्राध्यापकांना हे सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मग मोजू या."

मोजायचं हे आप्पांनाही पटलं. आप्पा मूळचे चाळीसगाव तालुक्यातले, पाटणादेवीच्या बाजूचे. शाळा नववीत सुटली. पण पाटणच्या शिलालेखाबद्दल ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याचा तो लेख, १२०७ सालचा. आठशे वर्षांपूर्वी आमच्या डोंगराखाली पोरं गणित शिकत होती, असं आप्पा म्हणतात तेव्हा त्यांची मान ताठ होते. माझ्या मुलीने त्यांना 'लीलावती'तलं उदाहरण सांगितलं: शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं, ती हातांत अदलून-बदलून किती प्रकारे धरता येतील? उत्तर ३६,२८,८००. भास्कराचार्यांनी तिथे शक्यतेबद्दल काही म्हटलेलं नाही. पण किती प्रकार होतील याचा अदमास बांधू नका, शिस्तीत मोजा, ही रीत तीच.

मग आम्ही गल्ल्याशी बसून मोजलं. समजा ३०० गिऱ्हाइकं आली. सुपारी कुठल्याही वाटीखाली असू शकते, तेव्हा साधारण १०० जणांचं बोट पहिल्याच फटक्यात सुपारीच्या वाटीवर पडणार आणि २०० जणांचं चुकणार. इथवर कोणाचंच भांडण नाही. आता त्या चुकलेल्या २०० जणांकडे बघा. त्यांच्या बोटाखाली रिकामी वाटी आहे. उरलेल्या दोनांत एक रिकामी, एक सुपारीची. आप्पांना सुपारी उघडायची नाही, म्हणजे त्यांना ती रिकामीच उचलावी लागणार. मग जी बंद राहिली तिच्याखाली सुपारी असणारच. म्हणजे सगळे ३०० जण बदलतील तर २०० जिंकतील. एकानेही बदलली नाही तर १०० जिंकतील. तीनांत दोन, तीनांत एक. बस, एवढंच आहे.

प्राध्यापकांनी हे कागदावर दोनदा लिहिलं, मग चष्मा काढला आणि माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. साडूभाऊंना मी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "कागदावर बरोबर असेल. पण माझ्यासमोर दोनच वाट्या होत्या ना?"

हे वाक्य बरेच दिवस माझ्या डोक्यात राहिलं. कारण भांडणाचं मूळ तिथेच आहे. कागद पटतो, डोळे पटू देत नाहीत. दोन वस्तू समोर दिसल्या की मन समान वाटणी करून मोकळं होतं, त्या दोन तिथे कशा उरल्या हे विचारत नाही. आणि दुसरं म्हणजे, बदलून हरलं तर जास्त लागतं. हातातलं सोडून दिल्याचं दुःख आणि न मिळाल्याचं दुःख यांत फरक आहे. कापूस विकायला निघालेल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, भाव चढायच्या आदल्या दिवशी विकलेला माल त्याला जन्मभर आठवतो. आप्पांचा अंदाज असा की दहांतले आठ जण बदलत नाहीत. तोच हिशोब धरून ते हा खेळ चालवू शकतात, हे त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही. अमेरिकेत १९९५ साली छापलेल्या एका प्रयोगातही २२८ जणांपैकी फक्त १३ टक्क्यांनी बदल केला होता. कबुतरांनी मात्र बाजी मारली: २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कबुतरांना हाच डाव दाण्यांसाठी रोज खेळायला दिला, तर महिनाभरात ती जवळजवळ दर वेळी बदलायला शिकली. माणसं बराच वेळ खेळूनही तिथवर पोचली नाहीत. कबुतर दोन दारं बघून वाटणी करत बसत नाही, दाणा कुठे जास्त वेळा मिळतो तेवढं बघतं.

मी बदलायला लागलो. वहीत नोंद ठेवली. आप्पा स्वतः गल्ल्यावर असताना २७ रविवार खेळलो, २७ वेळा बदलली, १९ वेळा मांडा खाल्ला. घरीही मुलीबरोबर स्टीलच्या वाट्या घेऊन ९० डाव खेळलो, ती आप्पा आणि मी गिऱ्हाईक. ४५ वेळा बदलली त्यात ३१ वेळा सुपारी, ४५ वेळा नाही बदलली त्यात १४ वेळा. ज्यांना पटत नाही त्यांनी हे घरी करून बघावं. दहा डावांवर जाऊ नका, दहांत काहीही होतं. पन्नास तरी खेळा.

आता फसवणुकीचा आरोप. तो कुठून आला ते मला नेमकं माहीत आहे, कारण मी तिथे होतो.

माघात आप्पांच्या लेकीचं बाळंतपण होतं, शहाद्याला. आप्पा तीन रविवार तिकडे. गल्ल्यावर पुतण्या बसला, विशीतला, मेहनती पोरगा. माई आतून सुपारी ठेवून ताट पाठवायच्या आणि परत खापराशी जायच्या. सुपारी कुठे आहे ते पुतण्याला माहीत नसायचं. गिऱ्हाइकाने बोट ठेवलं की तो उरलेल्या दोनांतली कुठलीही उचलायचा. रिकामी निघाली तर विचारायचा, बदलतस का? सुपारीच निघाली तर हसून म्हणायचा, "हाऊ डाव गया, परत खेळा." त्याला वाटलं, यात काय बिघडलं? रिकामी वाटी उघडायची एवढंच तर आहे.

तोवर आमच्या भांडणाची बातमी पसरली होती आणि बरेच लोक मुद्दाम बदलायला येत होते. त्यांना मांडा मिळेना. म्हणजे मिळत होता, पण तीनांत दोनदा नाही. पहिल्या रविवारी कुरबुर झाली, दुसऱ्या रविवारी एका तरुणाने ताट ढकललं आणि म्हणाला, गेल्या महिन्यात बदलणारे जिंकत होते आणि आता हरतात, म्हणजे आत काहीतरी सेटिंग आहे. तिथून 'आप्पा फसवतात' निघालं. आप्पा तर गावातही नव्हते.

तिसऱ्या रविवारी मी सकाळी अकराला जाऊन बसलो आणि चार वाजेपर्यंत प्रत्येक डाव वहीत लिहिला. ४० डाव झाले. १३ डावांत पुतण्याने सुपारीच उचलली, ते रद्द. उरलेल्या २७ मध्ये १३ वेळा सुपारी गिऱ्हाइकाच्या पहिल्या वाटीखाली, १४ वेळा दुसऱ्या बंद वाटीखाली. अर्धं-अर्धं. साडूभाऊ म्हणत होते तेच.

मी तिथे बाकावर बसून राहिलो. समोर दिसणारं सगळं तेच होतं. तीन वाट्या, एक बोट, एक रिकामी उघडलेली, दोन बंद. आप्पांच्या हातून झालं तर तीनांत दोन आणि पोराच्या हातून झालं तर निम्मं. वाटीला काय माहीत कोणी उचलली?

ते मला कापसाने समजावलं. मी बावीस वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, ग्रेडर आहे; आलेल्या मालाची प्रत ठरवतो. हंगामात दिवसाला पन्नास-साठ गाड्या माझ्या हाताखालून जातात. कापूस हातात दाबायचा, ओल बघायची, दोन्ही अंगठ्यांनी तंतू ओढून लांबी बघायची, कवडी (किडका, डागी कापूस) किती, पाचोळा किती. मशीन आता आहे, पण हात आधी जातो. सरकारी खरेदीत १२ टक्क्यांवर ओल गेली की गाडी परत. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका व्यापाऱ्याने गाडीवर चढून स्वतः मूठभर कापूस काढून माझ्या हातात दिला. पांढरा शुभ्र, कोरडा, लांब धाग्याचा. मी गाडी पास केली. गाडी खाली झाली तेव्हा तळाशी पाणी मारलेला माल. मालकाने मला सगळ्या हमालांसमोर एकच प्रश्न विचारला: "मूठ कोणी काढली?"

तेव्हापासून गाडीत हात मी घालतो, तोही डोळे न लावता, खोलवर. कारण व्यापाऱ्याला गाडी ठाऊक असते. चांगली मूठ तो वाईट गाडीतूनही काढू शकतो. दर वेळी काढू शकतो. म्हणून त्याने दाखवलेल्या चांगल्या मुठीवरून गाडीबद्दल मला काहीच कळत नाही. मी आंधळा हात घातला आणि कोरडा कापूस आला, तर मात्र कळतं. कारण ओला येऊ शकला असता आणि आला नाही.

आप्पांच्या वाट्यांचंही हेच आहे. आप्पांना सुपारी ठाऊक आहे. माझं बोट बरोबर असो की चूक, उरलेल्या दोनांत निदान एक रिकामी असतेच आणि ती ते दर वेळी दाखवू शकतात. म्हणून त्यांनी रिकामी दाखवल्याने माझ्या वाटीबद्दल मला नवीन काहीच कळलं नाही. ती तीनांत एक होती, तीनांत एकच राहिली. उरलेलं सगळं वजन दुसऱ्या बंद वाटीवर गेलं. पुतण्याचा हात आंधळा. त्याच्या हातून सुपारी निघू शकली असती. निघाली नाही, याचा अर्थ माझं बोट बरोबर असण्याची शक्यता खरोखर वाढली. त्याच ३०० गिऱ्हाइकांवर मोजा: चुकलेल्या २०० पैकी १०० वेळा पुतण्या सुपारीच उचलणार, ते डाव रद्द. राहिले चुकलेले १०० आणि बरोबर असलेले १००. बदला नाहीतर नका बदलू, सारखंच.

म्हणजे साडूभाऊंचं म्हणणंही वेडेपणाचं नव्हतं. ते पुतण्याच्या खेळाचं उत्तर आप्पांच्या खेळाला देत होते. आणि बदलायला घाबरणाऱ्यांची आणखी एक शंका, की मालक आपण जिंकत असतानाच मुद्दाम बदल विचारतो, तीही एका वेगळ्या खेळात खरी ठरली असती. मॉन्टी हॉलने स्वतः १९९१ साली एका वार्ताहराला घरी बसवून हे करून दाखवलं होतं: सूत्रधारावर विचारण्याचं बंधन नसेल, तर तो माणसाला हवं तसं खेळवू शकतो. म्हणून आप्पांच्या भिंतीवरचं 'प्रत्येकाला विचारतो' हे वाक्य इतकं मोलाचं. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारताना त्यांना बघितलंय. एकदाही गाळलेलं नाही, अगदी वीजबिल भरायला घाईत निघालेल्या माणसालाही थांबवून विचारलं.

जिनिंगमधल्या एका जुन्या हमालाला मी हे सगळं सांगत होतो. त्याने मला मध्येच थांबवलं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) रात्रभर पत्ते खेळणारा माणूस तो. म्हणाला, "साहेब, आंधळ्यानं टाकेल पान आन् जाणत्यानं टाकेल पान, एक ऱ्हास का?" म्हणजे, आंधळ्याने टाकलेलं आणि जाणत्याने टाकलेलं पान एकच असतं का? मला बावीस वर्षं आणि चाळीस डाव लागले, त्याला एक वाक्य लागलं.

आप्पा शहाद्याहून नातीचे पेढे घेऊन परतले तेव्हा मी वही घेऊन गेलो आणि हे सगळं त्यांच्यासमोर मांडलं. आरोपाचं ऐकून त्यांना फार वाईट वाटलं. वाट्या उचलून आत ठेवल्या, म्हणाले, अर्ध्या मांड्यापायी नाव घालवायचं नाही. दोन रविवार खेळ बंद होता. मला ते बघवेना. ज्या माणसाने एकाही माणसाला कधी खोटी वाटी दाखवली नाही, त्याने खेळ का बंद करावा? मी, प्राध्यापक आणि माझी मुलगी, तिघांनी मिळून त्यांना तयार केलं. पुतण्याला माईंनी समोर बसवून शिकवलं: सुपारी तूच ठेव, आणि ठेवलेली विसरू नको.

साडूभाऊ परवा पुन्हा आले होते. बोट मधल्याच वाटीवर. आप्पांनी उजवीकडची उघडली, विचारलं. साडूभाऊंनी माझ्याकडे बघितलं, मग वाटीकडे, आणि नाही म्हणाले. सुपारी त्यांच्याच वाटीखाली निघाली. तीनांत एकदा असं व्हायचंच. त्यांनी अर्ध्या मांड्यातला अर्धा माझ्या मुलीला दिला आणि म्हणाले, "तू बरोबर आहेस हे मला माहीत आहे. तरी सोडवत नाही गं."

तुम्ही गेलात तर शेव वेगळी मागा, भाकर मागा आणि वाटी बदला. सोमवारी बंद असतं. गल्ल्याच्या मागे भिंतीवर खडूने लिहिलेल्या नियमाखाली आता पुतण्याच्या अक्षरात एक तिसरी ओळ आली आहे, जरा तिरपी: 'सुपारी कोठे शे ते माले माहीत शे.'